बूच कधी बुडालं

बाबांच्या पायाला भिंगरी आहे, म्हणून धक्क्यावर सगळे त्यांना भिंगरीच म्हणतात. जेवतानाही ते दोनदा उठतात. एकदा मीठ आणायला, एकदा तेच मीठ परत ठेवायला. अशा माणसाने गळ टाकून बसावं हा विनोदच, पण बाबांच्या मासेमारीत बसायचं नसतंच. दोऱ्याला एक मोठं बूच, बुचाच्या वर-खाली मणी, आणि त्याखाली हातभर अंतरावर नकली कोळंबी. काठीला हिसका दिला की बूच ‘डुबुक्’ करतं, मणी खडखडतात, आणि कोणीतरी जेवायला बसलंय असं वाटून मासे धावत येतात. मग दहापर्यंत मोजायचं, की पुन्हा हिसका. देवाने बाबांसाठीच काढलेला उद्योग.

गेल्या आठवड्यात त्यांनी होडी सरळ धक्क्यावर ठोकली. दादा भडकला. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, पण दिव्याखाली अंधार. डोळे तपासायचं म्हटलं की बाबा तीन वर्षं मला हुलकावणी देताहेत. दादाने मलाच जुंपलं. “तू एकदा त्यांच्याबरोबर जा. दिसत नसेल तर होडी बंद. तू म्हणशील ते शेवटचं.”

सकाळी निघालो. इंजिनाच्या आवाजातही बाबांची टकळी चालू होती. “तो बघ बगळा!” त्या खांबावर बगळा रोजच असतो, हे मलाही माहीत होतं. मला त्यांचा राग आला, आणि दादाचा त्याहून जास्त.

उथळ पाण्यात थांबलो. हिसका, डुबुक्, मोजणी. लागोपाठ दोन मासे आले आणि मला हायसं वाटलं. मग लक्षात आलं, दोरा ताठ होता, मासा हाताला कळत होता. तिसऱ्या वेळी मासा गळ घेऊन होडीकडेच पोहत आला. दोरा सैल पडला. हिसक्याला वाजणारं बूच बुडताना मात्र मुळीच वाजत नाही.

बाबा तिकडेच टक लावून होते. “बघ, कसं ताठ उभं आहे!”

पाण्यावर काहीच नव्हतं.

“हो,” मी म्हणाले.

त्यांनी हिसका दिला. काठी वाकली, क्षणभर ओढ लागली आणि मासा सुटला. बाबांनी शिवीसुद्धा घातली नाही.

“कधी बुडालं होतं?”

“आत्ताच.”

ते दोरा गुंडाळू लागले. परतताना होडी त्यांनी एवढी हळू आणली की मला ओरडावंसं वाटत होतं.

दादा धक्क्यावर येरझाऱ्या घालत होता. “काय गं?”

“दिसतं त्यांना.”

रोज लोकांना खरं सांगायचा पगार घेते मी. लाज वाटली, तरी तो पुन्हा विचारता तर पुन्हा तेच म्हटलं असतं.

“खोटं बोलतेय ती,” बाबा म्हणाले. “बूच पाण्याखाली होतं आणि मी उभं आहे म्हणत होतो.” त्यांनी हात खिशात घातले, काढले, परत घातले. “माझ्या हातात होडी नको. पण मला घरात बसवू नका रे. बसवलंत तर मी मरेन.”

 होडीत पाय ठेवला की दादाला मळमळतं.

“मी चालवीन,” मी म्हणाले.

मला होडी चालवता येत नाही, हे तिघांनाही माहीत होतं.