साडेचार मिनिटांचे तीन दिवस

सिनेमागृहाच्या डाव्या दारावरचे डोअरकीपर सगळ्यांना बॅटरीकाका म्हणूनच ठाऊक होते. अठ्ठावीस वर्षं त्यांनी अंधारात लोकांच्या पायाशी उजेड धरला. शिस्तीला एकदम कडक. खेळ सुरू झाला की बाहेरून कोणी कितीही दार बडवो, मध्यंतराआधी कडी काढायची नाही म्हणजे नाही. मॅनेजर कौतुकाने म्हणत, "काकांनी लावलेली कडी माझ्यासाठीसुद्धा उघडत नाही."

अशात दारूवरचा एक सिनेमा लागला. त्यातला बाप आपल्या दारुड्या मुलाला खोलीत कोंडतो आणि गाणं सुरू होतं. पहिल्या कडव्यात मुलगा दारावर धडका देतो, दुसऱ्यात रडतो, तिसऱ्यात गप्प होतो. तीन दिवस साडेचार मिनिटांत उरकतात आणि दार उघडतं तेव्हा मुलगा गुळगुळीत दाढी करून बाहेर येतो. कोंडलेल्या खोलीत वस्तरा कुठून आला, हे विचारायचं कोणाला सुचत नसे. लोक डोळे पुसत टाळ्या वाजवत.

काकांचा एकुलता एक मुलगा रंगारी होता. भिंतीच्या कडेला रेघ अशी मारायचा की पट्टी लावायची गरज नाही. पण सकाळी पोटात चार घोट गेल्याशिवाय हातातला ब्रश स्थिर राहत नसे. सात वर्षं हेच चाललं होतं. शपथा झाल्या, भांडणं झाली, काकांनी हात टेकले. आणि आता रोज चार वेळा पडद्यावर त्यांना औषध दिसत होतं. शेवटी त्यांनी बायको आणि मुलासाठी पास मागून आणले. खेळ संपल्यावर मुलगा बराच वेळ खुर्चीतून उठलाच नाही.

"कोंडा मला, बाबा," घरी आल्यावर तो म्हणाला. "मी ओरडलो तरी उघडू नका."

काकांनी रजा टाकली. मागच्या खोलीत अंथरूण, पाण्याची कळशी आणि बिस्किटं ठेवली, बाहेरून कडी लावली आणि दाराशी स्टूल टाकून बसले. त्यांना उगीचच हलकं वाटत होतं.

पहिल्या दिवशी धडका झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा रडायला लागला. भिंतीवर मुंग्या आहेत म्हणाला, मग मुंग्या अंगावर आल्या म्हणाला. आईच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, याला दवाखान्यात नेऊ. हे काहीतरी वेगळंच आहे."

"तू एकदा बघितलास सिनेमा. मी रोज बघतो," काका म्हणाले. "हे दुसरं कडवं आहे."

दुपारी काहीतरी जोरात पडल्याचा आवाज झाला. पाय जमिनीवर आपटत राहिले, मग तेही थांबले. घर एकदम शांत झालं. काकांच्या जिवात जीव आला. "झोपला," ते बायकोला म्हणाले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा चहा मागितला. तिने चहा केलाही. तो पिऊन झाल्यावर तिने त्यांना न विचारता कडी काढली.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी आवाज चढवला नाही. "इतक्या वर्षांची दारू एकदम तोडली की फिट येते. औषधं देऊन, हळूहळू सोडवावी लागते. सकाळी आणलं असतं तरी वाचला असता."

पुढे महिनाभर बायको काकांशी एक शब्द बोलली नाही. त्यांना घरात बसवेना म्हणून ते कामावर आले. सिनेमा अजून हाऊसफुल्ल होता. गाणं लागलं की काका दाराबाहेर जाऊन उभे राहत, पण कडवी दारातून ऐकू येत. तिसरं कडवं संपलं की आत टाळ्या पडत.

एका दुपारी खेळ सुटल्यावर एक बाई मैत्रिणीला सांगत त्यांच्या दारातून निघाली, "ठरलं माझं. भावाला उद्याच कोंडते."

काकांनी तिचा हात धरला. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी प्रेक्षकाला कधी हात लावला नव्हता. "ताई, कोंडू नका. दवाखान्यात न्या. मरतो माणूस."

बाईने हात सोडवून घेतला आणि त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "काका, तुम्ही हा सिनेमा बघितला नाही वाटतं?"

मागून गर्दी आली आणि तिला पायऱ्यांवरून खाली घेऊन गेली. पुढच्या खेळाची घंटा झाली. काकांनी लोकांना आत घेतलं, खुर्च्या दाखवल्या आणि कडी लावली.