मचाणावरच्या आत्याबाई

भूकंपात आमच्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, माहेरच्या घराचं मातीचं माळवद खाली आलं. त्या अंगणात निजल्या होत्या म्हणून वाचल्या. तेव्हापासून जिन्याचं नाव काढलं की एकच: "माणसानं जमिनीवरच ऱ्हावं." नांदेडच्या आमच्या गच्चीवर त्यांनी कधी पापडसुद्धा घातले नाहीत. मी वर वाळत घालणार आणि त्या खालून शिकवणार!

लेकीची दहावी झाली, लातूरला क्लास ठरला. माझी शाळेची नोकरी, त्यामुळे सोबत आजीनं राहायचं, रांधून घालायचं. घरोघरी तसंच चाललं होतं. पण खोली मिळाली ती दुसऱ्या मजल्यावर. "मी न्हाई येत," आत्याबाई म्हणाल्या. हॉस्टेलच्या नावानं पोरगी रडायला लागली. मला असा राग आला होता की काय सांगू! पण सासूला बोलणार कोण?

सुट्टीत हैदराबादकडं एका प्राणिसंग्रहालयात गेलो. तिथं जिराफाला हातानं चारता येतं, पण उंच मचाणावर चढून. आत्याबाई खाली बाकावर पान-तंबाखूची चंची उघडून बसल्या.

पोरीनं वरून फांदी पुढं केली. जिराफानं हातभर काळी जीभ काढली तशी ही किंचाळली आणि फांदी मागं ओढली. पुन्हा पुढं, पुन्हा मागं.

"अगं ए, मुक्या जनावराला झुलवतीस व्हय? थांब, आले मी!"

जन्मभर म्हशी सांभाळलेली बाई. पदर खोचून तरातरा वर गेल्या, फांदी हिसकावली. "घे माझ्या राजा, घे." आणि राजानं शहाण्यासारखा पाला ओरबाडला.

मग त्यांचं लक्ष खाली गेलं. "अगं बाई गं!" त्यांनी कठडा गच्च धरला. मी धावत वर गेले.

"चला आत्याबाई, उतरू."

"थांब. निम्मी फांदी उरली हाय. उपाशी ठेवू का त्याला?"

फांदी संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग माझा दंड धरून एकेक पायरी उतरल्या, बाकावर टेकल्या, पाणी प्यायल्या.

"ह्या एकोणीस हायेत. लातूरच्या खोलीला किती?"

खोटं बोलवेना. "छत्तीस."

"मग मधी एकदा टेकीन."

इतके दिवस मनातल्या मनात मी त्यांना काय काय बोलले होते! तिथंच वाकून पाया पडले.

"ऊठ गं," त्या म्हणाल्या, "लोकं जिराफ सोडून तुला बघायलेत."