आठवा पॅड

वाजायचं कुठलंबी सामान हातात आलं की सोपान आधी नखानं टिचकी मारून ऐकायचा. "जोरात तर टमरेलबी वाजतंय वैनी. हळू मारल्यावर काय म्हणतंय ते बघावं," म्हणायचा. सोपान माझा धाकटा दीर, हलगीवाला. नामांतराच्या दंगलीत आमचं घर जळालं, तवा त्यानं लेकरं काढली आन् मागून हलगी.

पुढं लायटीवरचे ड्रम आले. हलगीला कुणी इचारंना. पालमचा लग्नवाला म्हणला, "मशीन आणा, न्हाईतर चुडाव्याची पार्टी सांगतो."

सोपाननं परभणीच्या दुकानातून तसल्या मशीनचे दोन डबे पारखायला आणले. सांजच्याला एक परत द्यायचा. धाकट्याला चार पॅड, आवाज थोडे, पर टिचकीलाबी बोलायचा. थोरल्याला आठ पॅड. ढोल, घुंगरू, पायजे तसा आवाज बदलायचा, पर हळू मारलं की गप. आन् थोरला घेतला तर दोन्ही शेळ्या जात होत्या.

"वैनी, तिकडं तोंड करून बसा. डोळ्याला थोरलाच आवडतंय. कानानं सांगा."

"धाकटा," मी म्हणलं.

"माझंबी तेच."

त्यो आंघोळीला गेला. थंडी लय होती. मला वाटलं, हळू मारल्यावर गप ऱ्हातंय म्हणजे कातडं गारठलंय. हलगी आमी रोज शेकायचो. थोरल्यावर अन्याव नको म्हणून त्याला चुलीम्होरं धरलं. ते रबर होतं. कडंचं पॅड वाकडं झालं, वास सुटला.

सोपान वल्ल्या अंगानंच पळत आला. जळल्याचा त्यो वास आमाला दोघालाबी दंगलीपासनं ठावा होता. त्यानं एक एक पॅड वाजवलं. सात बोलले. आठवं न्हाई.

"कोन शेकलं?"

"मी."

मीच म्हणलं, "दे परत. दुकानदाराला काय कळतंय."

"मला कळतंय की, वैनी."

धाकटा डबा परत गेला. शेळ्याबी गेल्या. शेळ्या नेताना मी दारात उभी ऱ्हायले न्हाई.

पालमच्या लग्नात मांडवामागं मी चूल लावायलते. सोपाननं आठव्या पॅडच्या जागी हलगी बांधली होती. ती सोडून माझ्याकडं आणली.

"हिला शेका वैनी. हिला लागतंय."

मंग मरंपस्तोर त्यानं तसंच वाजवलं, सात पॅड आन् एक हलगी. मी शेकायची.

आता त्यो न्हाई. डबा कवाच बंद पडला. हलगी माझ्यापाशी हाय. थंडीत शेकते, नखानं टिचकी मारते, आन् काय म्हणती ते ऐकत बसते.