दोरीनं बांधलेली दारं

एकाहत्तर साली आम्हा शाळामास्तरांना शिरगणतीला जुंपलं होतं. अकोले तालुक्यातल्या डोंगरावरच्या एका वाडीत गेलो, तर घरोघरी दारं दोरीनं बांधलेली. एकच म्हातारी होती. तिनं आधी तांब्याभर पाणी दिलं.

"समदी कोपरगावाकडं ऊस तोडाया गेल्यात. पाडव्याला येत्यात. लिवा की त्यांला."

"दिसतील तेवढेच लिहीन," मी खेकसलो. पुन्हा चढून यायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. सरकारी विहीर खालच्या गावाला मिळाली, कारण कागदावर वाडीत एकच माणूस होतं.

म्हातारी पाणी दरीतून डोक्यावर वाहून आणते, हे तिनं मला त्याच दिवशी सांगितलं होतं. तरी मी दुसरा तांब्या मागितला होता.