सुदैवानं नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि तेच बरं पडतं.

नव्वदच्या दशकात मी पुण्यात मेंदूवर संशोधन करायचो. सुट्टीत बारामतीला यायचो आणि लोकांपुढं विज्ञान कसं मांडायचं ते शिक्षकांना शिकवायचो. फार चढून गेलो होतो तेव्हा, खरं सांगतो. तक्ते गुंडाळून ठेवा, म्हणायचो, आपल्या घरातलं एक खरं उदाहरण सांगा — लोक तेवढंच लक्षात ठेवतात. टाळ्या पडायच्या.

आणि माझ्या घरात? माझ्या घरात शकू होती, धाकटी बहीण. तिला फेफरं यायचं. आज्यानं धम्म घेतला तेव्हापासून बावड्याच्या आमच्या घरात अंगारे-धुपारे बंद. त्यामुळं तिला कधी चप्पल हुंगवली नाही, देवऋषी आणला नाही. गोळ्या इंदापुराहून यायच्या. पण आजाराचं नाव? ते कुणी घ्यायचं नाही. शकूला ‘चक्कर’ येते, बस्स. मेंदू शिकलेला मीसुद्धा घरी चक्करच म्हणायचो. माझ्या बायकोला आजही तेवढंच माहीत आहे.

कळंबच्या शाळेत मी फेफऱ्यावर बोलणार होतो. शकू आपणहून म्हणाली, “दादा, कुणी इचारलं तर मी उठून सांगते, मला हाय म्हणून.” चार ओळी लिहून तिनं पाठ केल्या. साडीला इस्त्री केली. मला अभिमान वाटला तिचा — वाटला हो, खोटं नाही. मग सभेत पुढच्या रांगेत एक गृहस्थ दिसले. मला सांगून आलेल्या मुलीचे मामा.

बोललो मात्र छान. मेंदूतल्या विजेचा क्षणभर घोटाळा होतो, त्यात लाज कसली, म्हणालो. तेव्हा मागून एक बाई उठली. “सर, माझ्या पोरीला येतं. साळा सोडवली तिची. तुमच्या घरात हाय का कुणाला?”

यासाठीच तर शकू आली होती ना? ती अर्धी उठलीसुद्धा — मी पाहिलं. आणि मी म्हणालो, नाही. तेवढ्यावर तरी थांबायचं! पण नाही — मी हसलो आणि म्हणालो, “सुदैवानं नाही.”

शकू खाली बसली. ती बाईही बसली. तिची पोर परत शाळेत गेली का? माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही.

घाबरलो होतो, म्हणू? होतोच. पण घाबरलेली तर शकूही होती, आणि ती उठली होती. माझं लग्न त्या मामांच्या भाचीशीच झालं. शकूनं त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. मीही नाही.

सभा संपल्यावर व्हरांड्यात चहा होता. मामा माझ्याशेजारी उभे होते. दोन हातांवर त्या बाईनं शकूला विचारलं, “तुमी सरांच्या कोण?”

शकूनं माझ्याकडं पाहिलं. मी मान वळवली.

“कोण न्हाय,” ती म्हणाली. “त्यांच्या गावची हाय.”

मी ऐकलं. मामांनीही ऐकलं. आणि मी चहा पीत राहिलो.