पिवळ्या माशावरचे पांढरे डाग

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, इचलकरंजीत कापड रंगवण्याच्या कारखान्यात डाइंग मास्टर होते. गिऱ्हाइकानं आणलेल्या बोटभर चिंधीचा रंग हुबेहूब ताग्यावर उतरवायचा, हे त्यांचं काम. आई गेली, पाठोपाठ नोकरीही संपली, आणि ते गडमुडशिंगीच्या घरी एकटे राहायला लागले. माझं राजारामपुरीत शोभेच्या माशांचं दुकान. भिंतीकडं बघत बसण्यापेक्षा माझ्याकडं येऊन बसा म्हटलं, तेव्हा ते सकाळच्या बसनं यायला लागले.

सुरुवातीला त्यांना ते सगळं पोरखेळ वाटायचं. गोल्डफिशकडं तर ते बघायचेसुद्धा नाहीत. मग मी समुद्रातले मासे ठेवायला लागले, खाऱ्या पाण्याच्या टाक्या लावल्या, आणि आण्णांची खुर्ची दारातून हलून टाक्यांसमोर आली.

एकदा मुंबईहून माल आला. थर्माकोलच्या खोक्यात पिशव्या, प्रत्येक पिशवीत एक मासा. नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असणारे क्लाउन होते. आण्णांनी त्यातली एक पिशवी बाजूला काढली.

"ह्याचा मधला पट्टा बघ. निम्म्यातच थांबलाय."

"मार लागला असंल, आण्णा."

त्यांनी दाराची काच सरकवली, पिशवी उन्हात धरली आणि सावकाश फिरवली. "मार लागला असता तर कड फुगली असती. ही बघ, सुरीनं कापल्यागत हाय. ह्यो जन्माचाच असा हाय."

तो मासा खरोखरच जन्माचा तसा निघाला. असे वेगळ्या रंगाचे मासे शोधणारे हौशी लोक असतात, हे मला माहीत होतं. पण खरं वेगळेपण कुठलं आणि आजारपण कुठलं, हे ओळखणारा माणूस माझ्या घरातच आहे, हे तेव्हा कळलं.

त्यांच्या काही रीती होत्या. टाकीवरच्या निळ्या दिव्यात रंग बघायचा नाही, कारण त्या उजेडात सगळंच झळकतं. आल्या दिवशी निवाडा द्यायचा नाही, कारण अंधाऱ्या खोक्यातून आलेला मासा फिका पडलेला असतो. टँग नावाचा एक पिवळाधमक मासा असतो, त्याचा पिवळेपणा तर तासाभरात परत येतो. कुठल्याही माशाला दोन दिवस जेवू द्यायचं, मग दारात नेऊन उन्हात बघायचं. लोक फोनवर फोटो पाठवायचे, तर आण्णा म्हणायचे, "फोटोत सगळेच गोरे."

आजऱ्याला काजूचा कारखाना असलेले एक गृहस्थ आमच्याकडं नेहमी यायचे. आण्णा त्यांना 'पावणं' म्हणायचे. त्यांना पांढरे ठिपके असलेला पिवळा टँग हवा होता. आण्णांनी त्यांच्यासाठी आलेले दोन मासे आधी नाकारले होते. "पावणं, ह्याची कातडी झिजलीया. ह्याला रंग म्हणत न्हाईत, दुखणं म्हणत्यात." पाहुणे हसून परत जायचे.

पुढं आण्णा मला विचारायला लागले, "तुला कसा दिसतो? आधी तू सांग." मी सांगायचे. कड कशी आहे, पिवळा कुठं गडद होतो, कल्ल्यापाशी काय आहे. ते मान हलवायचे, कधी पुन्हा विचारायचे. आपल्या पाठीमागं पोरीला हे यावं म्हणून शिकवतायत, असं मला वाटत होतं. मी खूश होते.

त्यांना जुनी साखर होती. डॉक्टरांनी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या म्हणून चिठ्ठी दिली होती. एकदा दुकानात माल आला म्हणून आम्ही गेलो नाही. नंतर एकदा माझीच गडबड होती. "राहू दे की, पुढच्या आठवड्यात जाऊ," असं आण्णा म्हणाले, आणि मीही तो विषय सोडून दिला.

पावसाळ्यात एक टँग आला. कपाळापासून अंगाच्या मध्यापर्यंत पांढरे डाग. मी पिशवीतूनच बघितला आणि ओरडले, "आण्णा, आला बघा पाहुण्यांचा मासा!" पाहुण्यांना लगेच फोनही केला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते येऊन उभे राहिले.

ते यायच्या आधी आण्णांनी मला हळूच विचारलं होतं, "दारात नेऊन बघितलंस न्हवं?"

"व्हय की," मी म्हटलं. नेला नव्हता. बाहेर पाऊस होता, दुकानात गर्दी होती, आणि निळ्या दिव्यात तो मासा इतका देखणा दिसत होता की मला शंकाच आली नाही.

पाहुणे थेट आण्णांकडं वळले. "तुमी सांगा. खरा हाय का?"

आण्णांनी टाकीकडं तोंड वळवलं. मग म्हणाले, "हाय. घेऊन जावा."

दहाव्या दिवशी पाहुणे परत आले. दुकानात चार माणसं होती. "मासा मेला की ओ," ते दारातूनच म्हणाले. "डागाच्या जागी खड्डं पडलं. झिजल्यालाच हुता त्यो. पैशाचं सोडा. माझी लेक दोन दिवस जेवली न्हाई. आण्णा, तुमच्या शब्दावर नेलता मी."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी मासा दारात नेला नव्हता, हे मला त्या क्षणी चांगलं आठवत होतं. तरी मी मोठ्यानं म्हणाले, "आण्णा, कळत नसलं तर कळत न्हाई म्हणायचं. तुमच्यामुळं माझं दुकान बुडंल."

त्यांनी मांडीवरचा पंचा घडी करून खांद्यावर टाकला, चप्पल पायानं चाचपून घातली आणि निघाले. मी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, "बसला लई गर्दी असतीया." असे पंधरा दिवस गेले. मग एका सोमवारी, दुकान बंद असताना, मी गडमुडशिंगीला गेले. ते चुलीजवळ बसून जेवत होते. कोनाड्यात त्यांच्या गोळ्या होत्या. एका पाकिटाला दोऱ्याची एक गाठ, दुसऱ्याला दोन.

"हे काय, आण्णा?"

"एक गाठ सकाळची. दोन गाठी रातच्या."

"पण एक निळं पाकीट हाय आणि एक हिरवं. गाठी कशाला?"

ते भाकरीचा तुकडा हातात धरून थांबले. "रंग कळंनात मला. मधी एक ढग बसल्यागत झालंय."

"कधीपासनं?"

"गेल्या दिवाळीपासनं."

दिवाळीपासून ते मला विचारत होते, तुला कसा दिसतो. मी जे सांगायचे, तेच ते गिऱ्हाइकाला सांगायचे. माझ्या डोळ्यांनी बघत होते, आणि मला वाटत होतं ते शिकवतायत.

त्याच आठवड्यात मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. साखरेनं पडदा खराब झालाय म्हणाले. इंजेक्शनं देऊ, आहे तेवढं टिकवू, पण गेलेलं परत येणार नाही. वर्षभर आधी यायला हवं होतं. आण्णांनी 'बरं' म्हणून हात जोडले. मी डॉक्टरांच्या टेबलावरच्या पेनाकडं बघत राहिले.

परत येताना रिक्षात मी म्हणाले, "आण्णा, त्यो मासा मी दारात नेला नव्हता. खोटं बोलले मी."

"म्हाईत हाय."

"तुम्हाला कसं म्हाईत?"

"दाराची काच सरकल्याचा आवाज आला न्हवता."

"मग खरा हाय म्हणून का सांगितलंत?"

ते बाहेर बघत होते. त्यांना काय दिसत होतं, कोण जाणे. "गिऱ्हाईक उभं हुतं म्होरं. त्याच्यासमोर लेकीला खोटं कसं पाडू?"

मला रडूही फुटलं नाही. मी त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही. पुतळ्याचा चौक आला आणि सिग्नल लागला.

आजऱ्याला जाऊन मी पाहुण्यांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "आण्णांना पाठवा की, मी तसं काय धरत न्हाई." मी आण्णांना आग्रह करून एकदा दुकानात आणलंही. एका मुलानं त्यांना काहीतरी विचारलं, तर ते म्हणाले, "माझ्या लेकीला विचार, मी आता बघत न्हाई." दुपारीच घरी सोड म्हणाले. त्यानंतर आले नाहीत.

इंजेक्शनं झाली, तरी नजर उतरतच गेली. आता त्यांना फक्त उजेड आणि सावली कळते. घरातल्या घरात ते भिंत धरून फिरतात. मी आणि माझा भाऊ आळीपाळीनं जातो. माझा वार सोमवार. मी भाकऱ्या करते, ते दारात रेडिओ लावून बसतात.

मागच्या महिन्यात दुकानात एक क्लाउन आला, शेपटीपाशी पांढऱ्याऐवजी राखाडी पट्टा असलेला. मी तो पाच दिवस सांभाळला, रोज दारात नेऊन उन्हात बघितला. खातो, पोहतो, कड स्वच्छ आहे. सोमवारी मी आण्णांना सगळं सांगायला लागले. राखाडी म्हणजे कसा, तर पावसाआधीच्या ढगासारखा नाही, चुलीतल्या राखेसारखा, असं बरंच काही.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग रेडिओचं बटण चाचपत म्हणाले, "बरं. तू जेवलीस का?"