सेन्सर रेंजमध्ये आणा

माझा राग नाकावर असतो, हे लातूरच्या आमच्या सोयाबीन कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या सकाळीही मी फोनवर मामांना झापलं. "खड्ड्यातला सेन्सर पुन्हा ऑफलाइन दाखवतोय. मुख्य ऑफिसची बोलणी मला खावी लागतात. काहीही करा, पण रेंजमध्ये आणा!"

मामा आमचे सफाईचे मुकादम, बिलोलीकडचे, निवृत्तीला आलेले. "हाव ताई, आनतो," एवढंच म्हणाले.

सोयाबीन वर चढवणाऱ्या एलिव्हेटरखाली दोन पुरुष खोल खड्डा आहे. सांडलेलं सोयाबीन तिथं ओलं होऊन कुजतं आणि कुजताना खालचा प्राणवायू संपवतं. म्हणून हवा मोजणारा बिनतारी सेन्सर खाली बसवून ऑफिसच्या सिस्टमला जोडला होता. आकडा ठीक असला की उतरायचा परवाना आपोआप मंजूर होऊन माणसाच्या मोबाइलवर जायचा. पूर्वी मी स्वतः खड्ड्याशी जाऊन मीटर खाली सोडायचे, मगच सही करायचे. ही जोडणी मीच करून घेतलेली, आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

दुपारी स्क्रीनवर खड्डा हिरवा झाला. मामांचा परवानाही मंजूर झाला. मी खुशीत चहा घेतला, तेवढ्यात शेजारच्या आकड्याकडे लक्ष गेलं. तापमान बेचाळीस. बाहेर एप्रिलचं ऊन होतं, पण खड्डा तर माठासारखा गार असतो. म्हणजे सेन्सर खड्ड्यात नव्हताच.

फोन लावला, मामा उचलेनात. मी धावत सुटले, चप्पल कुठं राहिली तेही कळलं नाही. एकच वाटत होतं, आज माझ्या हातून माणूस मेला.

खड्ड्याशी दोरी धरून एक कामगार बसला होता. सेन्सर त्याच्या डोक्यावर, भिंतीच्या खिळ्याला, भर उन्हात टांगलेला.

"मामा कुठंयत?"

"आत्ताच उतरले की."

मी खाली तोंड करून ओरडले. उत्तर नाही. कामगार शिडीकडे वळला, तसा मी त्याचा दंडच धरला. "तू उतरू नको! दोरी ओढ!" दोघांनी जीव खाऊन ओढलं. मामा वर आले ते मान टाकून, ओठ काळेनिळे. सावलीत निजवलं. काही क्षणांनी त्यांची छाती हलली, आणि मी तिथंच रडायला लागले.

संध्याकाळी दवाखान्यात ते उठून बसले होते. मी म्हणाले, "मामा, माझं चुकलं."

ते ओशाळले. "तुमचं काय चुकलं, ताई? दोन पायऱ्या उतरलो तवाच गरगराय लागलं होतं. वाटलं, वापस फिरावं. पन तुमचा मंजुरीचा मेसेज आलता न्हवं. म्हनलं, मलाच उगं भ्याव वाटून राहिलं."